अण्णांची पायली

अण्णा, उन्हाळ्यापासून मी तुमची पायली गिळते आहे. तुम्ही ती डोळ्यांत घालायचात, मी तिची गोळी पाण्याच्या घोटाबरोबर पोटात ढकलते, एवढाच फरक. औषधाच्या पट्टीवर बारीक इंग्रजी अक्षरांत नाव वाचलं, पायलोकार्पिन, आणि मी दुकानातच हसायला लागले. कॅन्सरच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आलेली बाई काउंटरला टेकून हसते आहे म्हटल्यावर दुकानदार बिचारा गोंधळला. त्याला काय सांगणार? आमच्या घरात हे नाव कुणी कधी पुरतं उच्चारलंच नाही. सुलतान बाजारातला औषधवाला त्याला 'पायलो' म्हणायचा आणि तुम्ही पहिल्याच दिवशी त्याची 'पायली' करून टाकलीत. गावाकडे धान्य मोजायचं माप ते. 'पोरी, माझी पायली आण गं,' अशी बसल्या जागेवरून हाक यायची, आणि मी माठाशेजारी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली ती बोटाएवढी बाटली घेऊन यायचे. तुमच्या त्या पायलीतून एका वेळी एक थेंब निघायचा.

मला काय झालं ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही उगाच जीव टांगणीला लावून वाचाल. जिभेच्या मुळाशी गाठ आली होती. ती गेली. रेडिएशनने जाळली असंच म्हणायचं. पण गाठीबरोबर गालाच्या आतल्या आणि जबड्याखालच्या लाळेच्या ग्रंथीही भाजून निघाल्या, आणि माझं तोंड कोरडं पडलं. कोरडं म्हणजे उन्हातून आल्यावर पडतं तसं नव्हे. दोन वाक्यं बोलले की जीभ टाळूला चिकटते आणि सुटताना आवाज येतो. तुमची ही वाचाळ लेक, जन्मभर सिकंदराबादच्या शाळेत विज्ञान शिकवणारी, आता वर्गात उभी राहू शकत नाही. जेवण म्हणजे सगळं पातळ, पेजेसारखं, आणि तेही पाण्याच्या घोटांबरोबर ढकलायचं. चव लागतच नाही. डॉक्टर म्हणाले, 'मॅडम, ग्लँडचा थोडा भाग जरी जिवंत राहिला असेल तरी हे औषध त्याला हाक मारेल. काहीच उरलं नसेल तर मग कोण ओ देणार?' काही आठवडे बघायचं, नाही जमलं तर बंद करायचं. मी घरी येताना रस्ताभर तुमचाच विचार करत होते. खरं म्हणजे तुमच्या डोळ्यांचा.

मोतीवाल्या शेठच्या दुकानात, दाराशी, जिथे उजेड पडतो तिथे पांढरी चादर अंथरून तुम्ही बसलेले असायचात. समोर ताटलीत मोती. आकाराप्रमाणे, पाण्याप्रमाणे निवडलेले, म्हणजे ज्याची झळाळी चांगली तो पाणीदार. मोत्याच्या भोकाला तुम्ही वेज म्हणायचात. रेशमी दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं करायचं, पीळ द्यायचा, वेजातून ओवायचं, मोत्याला लगटून गाठ मारायची, मग पुढचा मोती. पटवेकऱ्याचं काम असं की गाठ दिसली तर काम बिघडलं. मी शाळेतून परस्पर दुकानात यायचे आणि तुमच्या मागे बसून अभ्यास करायचे. शेजारची तेलुगू मुलं मला हसायची, कारण त्यांच्यात अण्णा म्हणजे थोरला भाऊ, आणि मी इतक्या वयस्क माणसाला अण्णा म्हणते. तुम्ही त्यांना सांगायचात, 'हौ रे, मी हिचा भाऊच आहे, जरा लवकर आलो.'

आणि मग डोळा. डाव्या बाजूने येणारं गिऱ्हाईक तुम्हाला दिसेनासं झालं. चहाचा कप लवंडला. आईने सक्तीने सरकारी दवाखान्यात धाडलं. तिथे एक वयस्क डॉक्टर होते, त्यांनी तुमच्या डोळ्यांत बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, 'चचा, काला मोतिया है. दवा लिख देरौं, पाबंदी से डालना. नक्को छोड़ना.' म्हणजे नेमाने घाला, सोडू नका. त्यांनी बरोबर सांगितलं होतं. तुम्हीही बरोबर ऐकलंत. पण ऐकलंत काय, तर मोतिया. मोतिया म्हणजे मोतीबिंदू, हे आपल्या घरी सगळ्यांना ठाऊक होतं. आत्याचा मोतीबिंदू दोन वर्षं पिकला आणि मग काढला, आणि आत्या पुन्हा तांदळातले खडे वेचायला लागली. तेव्हा तुम्ही घरी येऊन आईला सांगितलंत, 'मोतीबिंदू हाय. काळ्या जातीचा हाय म्हणतात. पिकू दे, मग काढू.' डॉक्टरांनी दिलेले कसलेसे थेंब तुम्ही घातले ते तो लवकर पिकावा म्हणून. बाटली संपली. नवी कुणी आणली नाही, कारण पिकायचं ते आपोआपही पिकतंच की.

दुकानात तर तुम्ही त्याची चेष्टाच मांडली होती. 'शेठ, बघा, आमच्या डोळ्यात काळा मोती निघाला. काळा मोती महाग असतो ना? सांगा, कितीला घ्याल?' शेठ हसून म्हणायचे, 'पहले वेज तो पाड़ो, अण्णा.' वर्षभर हे चाललं. दिवाळीला आलेले पाहुणे विचारायचे, पिकला का? तुम्ही आंबा दाबून बघावा तसं पापणीवर बोट टेकवून म्हणायचात, अजून कच्चा आहे. दुखत नव्हतं. लाल होत नव्हतं. कडेकडेने उजेड कमी होत होता आणि आपण सगळे त्याला पिकणं समजत होतो. त्या आजाराला मराठीत काचबिंदू असा शब्द आहे, आणि तो शब्द आपल्या घरात कुणालाच माहीत नव्हता. हैदराबादेत राहून आजार हिंदी-उर्दूत ऐकायचा आणि मनात मराठीत उतरवून घ्यायचा, ह्या आपल्या सवयीने तुमचा एक डोळा नेला. दुसरं कुणीही तुमच्या जागी असतं तरी हेच झालं असतं.

दुसऱ्या खेपेला मी तुमच्याबरोबर होते. ह्या वेळी डॉक्टर म्हणजे एक तरुण तेलुगू बाई, वेणीत कनकांबराचा, म्हणजे आपल्या अबोलीचा, गजरा. तिने विचारलं, थेंब घालता ना? तुम्ही ऐटीत म्हणालात, 'पकने के बाद निकालेंगे बोलके रुके हैं.' तिने हातातलं पेन खाली ठेवलं. ते पेन ठेवणं मला अजून दिसतं. मग ती सावकाश, आपल्याला समजेल अशा हिंदीत म्हणाली, 'अण्णागारू, ये पकने का चीज़ नहीं है. ये पकता नहीं, खाता है. लेफ्ट का गया सो गया. वो वापस नहीं आता. अब राइट को बचाना है.' तिने कागदावर डोळा काढला. म्हणाली, हमारे में इसको नीटी कासुलु बोलते, नीटी मतलब पानी का. डोळ्याच्या आत पाणी सतत झिरपत असतं, रडण्याचं पाणी वेगळं, हे आतलं, आणि ते एका बारीक जाळीतून बाहेर निघून जातं. तुमची जाळी तुंबली आहे. पाणी साठतं, दाब वाढतो आणि मागची नस चेपून चेपून मरते. मोत्याचा ह्यात काही संबंधच नाही. तीन भाषांमधल्या नावांपैकी आजार खरा कशाचा आहे ते तेवढं तेलुगूतल्या नावात सांगितलेलं होतं.

परत येताना बसमध्ये मी तुमच्यावर चिडले. नववी-दहावीतल्या पोरीला जितकं अक्कलहुशारीने चिडता येतं तितकं. म्हणाले, अण्णा, एकदा विचारायचं तरी होतंत. तुम्ही इतक्या जोरात ओरडलात की कंडक्टरने वळून बघितलं. 'कामून विचारू? मला जो शब्द सांगितला तो मी ऐकला. तीस वर्षं मोतीच हाताळतोय मी. मला मोती म्हणजे काय ते कळत नाही?' आणि मग घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसलात, उजव्या डोळ्याने. तुमचा तो राग मला तेव्हा समजला नव्हता. आता समजतो. माझ्याही शरीराने मला न विचारता असंच काहीतरी करून ठेवलं आहे.

त्या दिवसापासून बाईंनी लिहून दिलेली पायली माझ्याकडे आली. दिवसातून चार वेळा थेंब, त्यातला सकाळचा नक्की माझा. तुम्ही उंबऱ्यावर बसून मान मागे टाकायचात, मी खालची पापणी ओढून थेंब सोडायचे, आणि मग डोळ्याचा आतला कोपरा बोटाने दाबून धरायचा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. ते झालं की मी तिथेच बसून बघत राहायचे. सांगू का, मी पुढे विज्ञान शिकले त्याचं खरं कारण तो उंबरा आहे. तुमच्या तपकिरी डोळ्यातली ती काळी बाहुली, वाटाण्याएवढी, माझ्या डोळ्यांदेखत लहान व्हायची. आधी मिरीएवढी. मग मोहरीएवढी. शेवटी खसखशीचा दाणा. कुणी हात लावत नव्हतं, कुणी ओढत नव्हतं, आणि आत काहीतरी आवळलं जात होतं. बाईंनी सांगितलं होतं की आतला एक स्नायू आखडतो, त्याने ती तुंबलेली जाळी ताणली जाते आणि पाण्याला वाट मिळते. ते मला दिसत नव्हतं, पण बाहुली दिसत होती, आणि बाहुली आवळली जाते म्हणजे आत पाणी निघालं असणार, असं मी मनाशी म्हणायचे. मला भीती वाटायची आणि तिथून उठवतही नसे.

तुम्हाला मात्र त्याचा त्रास व्हायचा. भुवईच्या आत कुणीतरी दोरा ओढतंय म्हणायचात. बाहुली एवढी बारीक झाल्यावर आत उजेड तो कितीसा जाणार? दिवेलागणीच्या आधीच तुम्ही विचारायचात, 'लाइट गेली का?' आणि आई बटण दाबून दाखवायची की बाबा, दिवा चालू आहे. लांबचं पुसट झालं. बसवरचा नंबर तुम्हाला वाचता येईना. पण जवळचं! एक दिवस तुम्ही दुकानात चष्मा काढून बाजूला ठेवलात, मोती नाकाजवळ नेलात आणि मोठ्याने म्हणालात, 'शेठ, वेज दिसतोय. चष्म्याबिगर दिसतोय.' चाळिशीनंतर पहिल्यांदा. त्या सुईच्या टोकाएवढ्या बाहुलीतून जवळची वस्तू स्वच्छ दिसते, हे मला पुढे कॉलेजात समजलं. तेव्हा आम्ही तो देवाचा न्याय समजलो, एकीकडून घेतलं आणि दुसरीकडून थोडं परत दिलं. शेठनी तुमच्या डोक्यावर मोठा दिवा लावून दिला. उजवा डोळा शेवटपर्यंत टिकला, अण्णा. माझ्या लग्नातली चिंचपेटी तुम्ही त्याच डोळ्याने ओवलीत, आणि तिच्यातली एकही गाठ मला आजवर सापडलेली नाही.

आणि एक गोष्ट तुम्ही सांगायचात, जी आम्ही कुणीच खरी मानली नाही. 'ही पायली डोळ्यात घातली की माझ्या तोंडाला पाणी सुटतंय.' कोपरा नीट दाबला नाही तर फारच. आई म्हणायची, 'डोळ्याला औषध आणि पोटाला निमित्त,' आणि तुमच्यापुढे मिरची भज्यांची बशी सरकवायची. तुम्ही तोंड भरून हसायचात, भजी खायचात आणि म्हणायचात, 'दोरा भिजवायला तर बरं पडतंय.' अख्ख्या घराने तुम्हाला खादाड ठरवलं.

आता ऐका. कुकटपल्लीला, आता राहतो त्या घरी, मी गोळीची पट्टी टेबलावर ठेवली, तर लेक फोनवर बोटं फिरवत म्हणाली, 'आई, अॅक्च्युअली हे ट्री आहे ब्राझीलचं. जॅबोरँडी. तिथल्या जंगलातल्या लोकांनी ठेवलेलं नाव आहे, आणि मीनिंग काय माहितीये? लाळ गाळायला लावणारं.' मी तिला दोनदा वाचायला लावलं. त्या लोकांना डोळ्यातल्या पाण्याचा पत्ताही नव्हता. त्यांनी पान चघळलं, तोंडातून लाळ वाहिली, अंगाला घाम फुटला, आणि त्यांनी झाडाला सरळ तेच नाव दिलं. डोळ्यांवरचा उपयोग परदेशातल्या डॉक्टरांना मागाहून सापडला. म्हणजे अण्णा, तुम्ही भज्यांसाठी बहाणा करत नव्हतात. तुम्ही त्या झाडाचं खरं नाव सांगत होतात, हैदराबादच्या उंबऱ्यावर बसून, ते झाड कधीही न बघता.

त्या दुपारी मी कितीतरी वेळ ती गोळी तळहातावर घेऊन बसले होते. मला सगळं पुस्तकातलं माहीत आहे. मज्जातंतूच्या टोकातून एक रसायन सुटतं, ते स्नायूला, ग्रंथीला निरोप देतं, आणि ह्या पानातलं औषध नेमकं त्या निरोपासारखं आहे. मुलांना मी हे वर्षानुवर्षं फळ्यावर काढून दाखवलं. पण माझ्या मनात ते तेव्हा पहिल्यांदा उतरलं. समुद्रापलीकडच्या रानात एक झुडूप उभं आहे. त्याला ना डोळा, ना तोंड, ना घामाची ग्रंथी. ते आपल्या पानांत, कदाचित किडीने खाऊ नये एवढ्याचसाठी, एक कडू द्रव्य तयार करतं, आणि ते द्रव्य माणसाच्या शरीराचीच भाषा बोलतं. तेही एकाच शब्दात. बाहुली तो ऐकते आणि मिटत येते. आतला स्नायू ऐकतो आणि जाळी ताणतो. लाळेची ग्रंथी ऐकते, घामाची ऐकते, आतडं ऐकतं. आई सकाळी स्वयंपाकघरातून नुसतं 'चला' म्हणायची आणि आपण प्रत्येकजण आपापल्या कामाला उठायचो, तसं. मला हात जोडावेसे वाटले. कुणाला जोडायचे ते कळेना, म्हणून पट्टीलाच जोडले. लेक म्हणाली, 'आई, आर यू ओके?'

पण हाक ऐकायला पलीकडे कुणी असावं लागतं ना. पहिल्या दिवसापासून घामाने ओ दिली. गोळी घेतली की थोड्या वेळात कानामागून, मानेवरून, पाठीवरून धारा. चेहरा तापायचा. डोळ्यांत पाणी. बाथरूमच्या फेऱ्या. संध्याकाळी घरातले दिवे मंद वाटायला लागले आणि मी चक्क विचारलं, व्होल्टेज कमी आहे का? विचारलं आणि अंगावर काटा आला, कारण आवाज माझा होता पण प्रश्न तुमचा होता. सगळं शरीर त्या पानाचं ऐकत होतं, फक्त तोंड ऐकत नव्हतं. आठवडे गेले. एकदा लेकीच्या कुर्त्याचं बटण लावायला सुई घेतली, दोऱ्याचं टोक सवयीने ओठांत धरलं, आणि बाहेर काढलं तर ते जसंच्या तसं कोरडं. मी सुई ठेवून दिली आणि रडले. डोळ्यांत पाणी होतं, कपाळावर पाणी होतं, आणि एका दोऱ्यापुरतं तोंडात नव्हतं. डॉक्टर म्हणाले, अजून थोडे दिवस, मग थांबवू. त्यांच्या बोलण्यावरून मला कळलं की त्यांनी आशा सोडली आहे. मीही सोडलीच होती. गोळी मात्र सोडली नाही. का, ते सांगता येत नाही. पायली होती म्हणून असेल.

गेल्या रविवारची गोष्ट. लेक आणि जावई दोघं घरी होते, म्हणून मी दुपारी भाकऱ्या करत होते. मी स्वतः भाकरी खाऊन वर्ष होत आलं होतं. तव्यावरून एक उतरवली, तिचा पापुद्रा टम्म फुगलेला, आणि हाताला चाळा म्हणून कडेचा तुकडा मोडून तोंडात टाकला. पाण्याची बाटली बाहेरच्या खोलीत होती. तुकडा तोंडात गेल्यावर लक्षात आलं की आता हा घशात अडकणार, बाटली आणायला हवी. पीठ लागलेले हात पुसायला वळले, आणि तोवर चावतच होते. मग जबड्याच्या दोन्ही कोपऱ्यांत, कानांखाली, एक कळ उठली. बारीक, गोड नाही, आंबट चिंच नुसती बघितल्यावर उठते तशी. मी थांबले. पुन्हा चावलं. तुकडा फिरत होता. जिभेवरून इकडून तिकडे जात होता, चिकटत नव्हता.

दरवर्षी सातवीच्या मुलांना मी पोळीचा कोरडा तुकडा द्यायचे आणि सांगायचे, गिळायचा नाही, चावत राहा आणि काय होतं ते सांगा. एखादा घाईचा पोरगा आधीच गिळून टाकायचा. बाकीचे चावत बसायचे, आणि मग कुणीतरी ओरडायचं, टीचर, मीठा लग रहा. लाळ पिठाची साखर करते, एवढंच ते. तव्याखाली गॅस चालू ठेवून मी स्वयंपाकघरात उभी राहिले आणि चावत राहिले, चावत राहिले, आणि दुसरी भाकरी तव्यावर करपायला लागली. आतून लेकीने हाक मारली, 'आई, जळतंय काहीतरी!' मी तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर सांडलं असतं. आणि मग आली. अगदी पुसट, जिभेच्या एका कडेला. गोडी.

फार काही झालं असं समजू नका. रोज थोडंसंच येतं, आणि डॉक्टर म्हणतात पूर्वीसारखं कधीच होणार नाही. पण आतमध्ये काहीतरी जिवंत होतं, अण्णा. ते इतके आठवडे ऐकत होतं आणि त्याने ओ दिली.

हे सगळं लिहून झालं, आता ह्याचं काय करायचं ते ठरवलेलं नाही. लेकीला वाचता येणार नाही, तिचं मराठी बोलण्यापुरतंच आहे, आणि तुमचा पत्ता कुणाकडे मागू? राहील टेबलाच्या खणात. फक्त एक कबूल करते, कारण एवढ्या पानांत तुमची आठवण, तुमची आठवण असं मी करत आले आहे. त्या रविवारी, त्या क्षणी, मला ना ते झाड आठवलं, ना पायली, ना तुम्ही. मी उभ्याउभ्या खात होते, तोंडात बोटं घालून, अधाशासारखी. अर्धी भाकरी संपली, तेव्हा कुठे तुम्ही आठवलात.